एक बदलू का आठ?

‘जी डी रेज टू फोर अपॉन एट कॅपिटल डी क्यूब एन.’

मेकॅनिकलच्या कुठल्याही पोराला मध्यरात्री झोपेतून उठवून विचारा, स्प्रिंगच्या कडकपणाचं हे सूत्र तो घडाघडा म्हणून दाखवील आणि पुन्हा कुशीवर वळून झोपेल. मीही त्यातलाच. या सूत्रावरचा आठ मार्कांचा प्रश्न मी पेपरात सोडवलाय, व्हायवाला एक्स्टर्नलनी वालचा फॅक्टर विचारला तेव्हा तोही सांगितलाय. आणि तरीही गेल्या गणपतीच्या सुट्टीत माझ्या काकांनी विचारलेल्या एका साध्या प्रश्नापुढं मी तोंडात मारल्यासारखा गप्प बसलो. तो प्रश्न म्हणजेच या लेखाचं शीर्षक.

झालं असं, की काकांकडे एक जुनी डिझेल पिकअप आहे. चार सिलिंडर, आठ वॉल्व्ह, जुन्या पद्धतीचा फ्युएल पंप. टोमॅटोच्या हंगामात ती पिंपळगाव बसवंतच्या मार्केटला जाते, आणि भाव बघून कधी कधी रातोरात कसारा घाट उतरून वाशीला. स्वतःचा माल असतो, शेजाऱ्यापाजाऱ्यांचं भाडंही असतं. थोडक्यात, घराचं निम्मं गणित त्या गाडीवर चालतं. आदल्या वर्षीचा अख्खा पावसाळा मात्र ती काही कारणानं गोठ्याशेजारी नुसती उभी होती. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

तर गणपतीत घरी गेलो तेव्हा गाडी मिसिंग मारत होती. चढाला दम नाही, पांढरा धूर, आणि वरून टकटक असा आवाज. मी लगेच ‘इंजेक्शन टायमिंग’ वगैरे बोलून घेतलं. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्यांच्या हेल्परनं इंजिन चालू ठेवून एकेका नोजलच्या पाइपचा नट जरासा ढिला केला. पहिल्याला आवाज बदलला, इंजिन अडखळलं. दुसऱ्याला तसंच. तिसऱ्याला काहीच फरक नाही! म्हणजे तिसरं सिलिंडर आधीच मेलेलं. पाच मिनिटांत निदान. (ही युक्ती फक्त जुन्या पंपाच्या इंजिनावर हं. कॉमन रेल इंजिनात डिझेलचा दाब हजार बारच्याही पुढे असतो, तिथे पाइप सोडायला गेलात तर ते डिझेल कातडीतून आत शिरेल.)

रॉकर कव्हर उघडलं. तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट वॉल्व्हची स्प्रिंग तुटली होती. गंमत अशी, की तिचे दोन तुकडे एकमेकांत स्क्रूसारखे फिरून बसले होते. म्हणूनच गाडी बंद पडली नव्हती, नुसती कण्हत होती.

आता माझ्या डोक्यात आलं, हेड उतरवावं लागणार, दोन दिवस गेले. कारण स्प्रिंग काढली की वॉल्व्हला धरणारं कोणीच नाही, तो सरळ सिलिंडरमध्ये पडणार. मिस्त्री म्हणाले, “पडून जाईल कुठं?” त्यांनी इंजिन हातानं फिरवून दोन आणि तीन नंबरचे पिस्टन बरोबर वर आणले. गाडी गिअरमध्ये टाकली, चाकाला दगड लावला. डिझेल इंजिनात पिस्टन टीडीसीला असला की त्याचा माथा आणि हेड यांत जेमतेम मिलिमीटरभर फट उरते. वॉल्व्ह इवलासा खाली सरकतो आणि पिस्टनच्या माथ्यावर टेकून उभा राहतो. बस्स!

कॉम्प्रेशन रेशो १८, क्लिअरन्स व्हॉल्यूम, ती बहुतेक जागा पिस्टनच्या वाटीतच असते, हे सगळं मला पाठ होतं. पण त्याचा अर्थ ‘हेड न उतरवता स्प्रिंग बदलता येते’ असा होतो, हे तीन वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं आणि मलाही सुचलं नव्हतं. पेट्रोल इंजिनात वॉल्व्ह बहुधा तिरपे असतात, जागाही जास्त असते. तिथे प्लगच्या भोकातून दोरी आत सोडून पिस्टननं ती वर दाबतात, नाहीतर हवेचा दाब देऊन वॉल्व्ह धरून ठेवतात. हेही मला मिस्त्रींकडूनच कळलं.

आणि मग तो प्रश्न आला. काका म्हणाले, “तू इंजिनाचंच शिकतोस ना? मग सांग बरं, एक बदलू का आठ?”

मिस्त्रींचं म्हणणं, बाकीच्या सात बऱ्या दिसतात, कशाला खर्च? माझं म्हणणं… माझं काही म्हणणंच नव्हतं! मी फटीग, एंड्युरन्स लिमिट असं काहीतरी पुटपुटलो. काकांनी दोन मिनिटं वाट पाहिली आणि मिस्त्रींना म्हणाले, “टाका एकच.”

पंधरा दिवसांनी, रात्री, भरल्या गाडीनिशी घाट उतरून कसाऱ्यात पोचताच दुसरी स्प्रिंग गेली. यावेळी पुश रॉडही वाकला. काकांनी रस्त्याकडेला उभं राहून दुसरी पिकअप शोधली, अंधारात क्रेट हलवले. वाशीचा पहाटेचा बाजार हुकला. उरलेला माल मिळेल त्या भावाला गेला आणि शेजाऱ्यांच्या क्रेटचा फरक काकांनी आपल्या खिशातून भरला. गाडी दुसऱ्या दिवशी टोचन करून परत आणली. काका मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

पुढच्या रविवारी मी मुद्दाम गावाला गेलो आणि मिस्त्रींना म्हणालो, मला हाताखाली घ्या. यावेळी आठचा सेट आणला होता. एक स्प्रिंग आधीच नवी होती, म्हणजे सात बदलायच्या. एक-चारचे पिस्टन एकदम वर येतात आणि दोन-तीनचे एकदम, म्हणजे दोन खेपांत काम. रॉकर शाफ्ट काढला, पुश रॉड क्रमानं पुठ्ठ्याच्या भोकांत उभे केले. रिटेनरवर हलकासा ठोका देऊन लॉक मोकळे केले, मग कॉम्प्रेसरनं स्प्रिंग दाबून लॉकच्या दोन इवल्या पाकळ्या चुंबकानं उचलायच्या. नवी बसवताना पाकळ्यांना ग्रीस लावायचं, म्हणजे त्या वॉल्व्हच्या दांडीला चिकटून राहतात.

तिसऱ्या वॉल्व्हला मी शहाणपणा केला. पाकळी नीट बसली की नाही हे न बघता कॉम्प्रेसर सोडला. टिंग्! एक पाकळी माझ्या कानाजवळून उडून पुश रॉडच्या भोकातून थेट खाली सम्पमध्ये. ती भोकं चिंध्यांनी बुजवायची असतात, हे मिस्त्रींनी सुरुवातीलाच सांगितलं होतं आणि मी ‘हो हो’ म्हटलं होतं. ऑइल काढा, सम्प उतरवा, पाकळी शोधा, सम्प लावा. दीड तास! मिस्त्रींनी शिवी दिली नाही, फक्त एक चिंधी हातात दिली. त्या चिंधीनं मी जे शिकलो ते वर्कशॉपच्या दोन सेमिस्टरांत शिकलो नव्हतो.

पण मित्रांनो, सगळं शहाणपण गॅरेजमध्ये आणि सगळा मूर्खपणा कॉलेजात, असं सांगायला मी हा लेख लिहीत नाहीये. ते रडगाणं मेसच्या डाळीइतकंच नेहमीचं आहे. उलट गोष्टही ऐका.

या स्प्रिंगांचे वेटोळे एका टोकाला दाट आणि दुसऱ्या टोकाला विरळ होते. मिस्त्री म्हणाले, दाट बाजू खाली, हेडकडे. मी विचारलं, का? “तशीच असते.” हेल्परला विचारलं, तोही म्हणाला, “तशीच असते.” हॉस्टेलवर येऊन पुस्तक उघडलं तेव्हा कळलं. स्प्रिंगचं खालचं टोक स्थिर असतं, वरचं वॉल्व्हबरोबर नाचतं. दाट वेटोळे खाली ठेवले तर नाचणारं वजन कमी होतं. शिवाय विरळ-दाट वेटोळ्यांमुळे स्प्रिंगची एकच एक नैसर्गिक कंपनसंख्या राहत नाही, त्यामुळे ती स्वतःच्याच लाटेत सापडून थरथरत नाही. मिस्त्रींचा नियम बरोबर होता, पण त्याचं कारण आमच्या पुस्तकात होतं. आणि कारण ठाऊक नसेल तर नियम कुठे लागू होत नाही हेही कळत नाही. ‘बऱ्या दिसतात’ हा असाच एक नियम होता. तो चुकला.

सात जुन्या स्प्रिंगा आणि सेटमधली उरलेली एक नवी मी पिशवीत घालून कॉलेजला आणल्या. आपल्या लॅबमध्ये स्प्रिंग टेस्टिंग मशिन आहे. सेकंड इयरला मी त्यावर प्रॅक्टिकल केलं होतं. खरं सांगू? केलं नव्हतं. सिनिअरच्या जर्नलमधून रीडिंग उतरवलं होतं. त्या सिनिअरनं त्याच्या सिनिअरचं उतरवलं होतं. माझा आलेख ओरिजिनमधून निघून पट्टीनं आखल्यासारखा सरळ गेला होता, कारण तो पट्टीनंच आखला होता! त्या मशिनला लावलेली स्प्रिंग कित्येक बॅचेस एकच आहे. तिचं उत्तर सगळ्यांना माहीत आहे. मग ती कोण कशाला मोजेल?

लॅब असिस्टंट काकांनी आधी कटकट केली, मग स्वतःच खुर्ची ओढून बसले. आधी व्हर्निअर. नव्या स्प्रिंगेच्या तुलनेत सहा धड जुन्यांपैकी चार आखूड भरल्या. त्यातल्या दोन तर दीड मिलिमीटरनं. दीड मिलिमीटर म्हणजे काय हो? डोळ्याला कळतही नाही. पण आता गणित करा. ही स्प्रिंग दर मिलिमीटरला साधारण २ किलो जोर देते. हेडवर बसवताना ती १० मिलिमीटर दाबली जाते, म्हणजे वॉल्व्ह बंद असताना त्यावर २० किलोचा जोर. बसायची उंची ठरलेली असते, तेव्हा दीड मिलिमीटर आखूड स्प्रिंग फक्त साडेआठ मिलिमीटर दाबली जाणार. जोर उरला १७ किलो. लांबीत तीनेक टक्के घट, जोरात १५ टक्के! मशिनवरचा काटाही १७ च्या आसपासच थांबला. आयुष्यात पहिल्यांदा माझं उत्तर आणि मशिनचं उत्तर न उतरवता जुळलं. लॅब असिस्टंट काका म्हणाले, “बरं वाटतं ना?” फार बरं वाटलं.

हा १५ टक्के जोर कुठे लागतो, तर घाटात. सरळ रस्त्यावर इंजिन जास्त पळायला लागलं की गव्हर्नर डिझेल तोडतो. पण उतारावर, खालच्या गिअरमध्ये, भरलेली गाडीच चाकांतून इंजिनाला फिरवत असते. गव्हर्नर डिझेल तोडू शकतो, उतार तोडू शकत नाही. फेरे २० टक्क्यांनी वाढले तर वॉल्व्हला मागे खेचायला लागणारं बल ४४ टक्क्यांनी वाढतं, कारण ते वेगाच्या वर्गाबरोबर जातं. अशा वेळी खचलेली स्प्रिंग वॉल्व्हला कॅमच्या मागे ठेवू शकत नाही. वॉल्व्ह क्षणभर तरंगतो आणि मग आदळतो. तो आदळण्याचा मार पुन्हा स्प्रिंगलाच.

हे झालं खचण्याचं. तुटणं वेगळं. तुटलेली स्प्रिंग भिंगाखाली पाहिली, तर भेगेची सुरुवात वेटोळ्याच्या आतल्या अंगाला गंजाच्या एका खड्ड्यातून झालेली दिसत होती. आतल्याच अंगाला का? कारण ताण तिथेच सर्वांत जास्त असतो, आणि वालचा फॅक्टर म्हणून जो आपण पाठ करतो तो नेमका यासाठीच आहे. त्या फॅक्टरशी माझी खरी ओळख त्या दिवशी झाली. आणि गंज कशाचा? तेलाच्या शिंतोड्यात राहणारी स्प्रिंग सहसा गंजत नाही. पण गोठ्याशेजारी उभा राहिलेला तो पावसाळा आठवा. तेल निथळून गेलं, दमट हवा आत राहिली. बाकीच्यांवर भिंग फिरवलं. आणखी दोन स्प्रिंगांवर तसलेच खड्डे!

आता फटीगचा हिशेब. इंजिन २००० फेऱ्यांवर असेल तर प्रत्येक वॉल्व्ह मिनिटाला १००० वेळा उघडतो, तासाला ६० हजार वेळा. पिंपळगावहून वाशीला भरल्या गाडीनं पाच तास धरले तर एका खेपेत ३ लाख आवर्तनं, जाऊन-येऊन ६ लाख. पोलादाचा एस-एन आलेख १० लाख ते १ कोटीच्या दरम्यान आडवा होतो, असं आपण शिकतो. म्हणजे सतरा फेऱ्यांत कोटी पार! चांगली स्प्रिंग तिथून पुढे वर्षानुवर्षं चालते. खड्डा पडलेल्या स्प्रिंगला मात्र तो आलेख लागूच होत नाही. ती कधी जाईल हे सांगता येत नाही, पण जाणार हे सांगता येतं.

म्हणजे काकांच्या प्रश्नाचं उत्तर होतं आठ. पण ‘नेहमीच आठ’ हेही उत्तर नव्हे. एखादीवर बसवताना पकडीचा ओरखडा पडला आणि म्हणून ती तुटली, तर बाकीच्या सात निर्दोष असू शकतात. या गाडीत आठही एकाच वयाच्या, आठांनीही तोच पावसाळा खाल्लेला, म्हणून आठ. माझं खरं उत्तर त्या दिवशी एवढंच असायला हवं होतं : “काका, अर्धा तास द्या, मोजून सांगतो.” एक व्हर्निअर, एक भिंग आणि तुलनेला मिस्त्रींच्या हातातली ती नवी स्प्रिंग. तिन्ही गोष्टी तिथे उपलब्ध होत्या. नव्हती ती सवय.

मला राग येतो तो इथे. मिस्त्रींकडे हात आहेत पण मोजायची सवय नाही, कारण कोणी लावली नाही. आमच्याकडे मोजायची मशिनं आहेत पण मोजायला खरी वस्तू नाही, कारण प्रॅक्टिकल म्हणजे जर्नलवर सही! आपल्या वर्कशॉपच्या दारात ते इंजिनाचं कापलेलं मॉडेल उभं आहे, लाल-पिवळ्या-हिरव्या ऑइलपेंटनं रंगवलेलं. पालक आले की त्याच्याशेजारी फोटो काढतात. त्याच्या स्प्रिंगा रंगानं चिकटून बसल्यात. ते इंजिन कधीच सुरू होणार नाही, म्हणून त्याच्यावर केलेली चूक कधीच कळणार नाही.

माझी मागणी फार मोठी नाही. भंगारातून एक जुनं पण चालू होण्याजोगं डिझेल इंजिन घ्यावं. दर सेमिस्टरला प्रत्येक बॅचनं त्याच्या स्प्रिंगा काढाव्यात, मोजाव्यात, बसवाव्यात, टॅपेट लावावेत, हातानं दोन फेरे फिरवून खात्री करावी आणि मग सगळ्यांसमोर इंजिन सुरू करावं. सुरू झालं तर टर्मवर्कची सही. गावातल्या गॅरेजमधून दर वेळी वेगळ्या जुन्या स्प्रिंगा आणाव्यात, म्हणजे रीडिंग उतरवता येणार नाही. आणि एखाद्या शनिवारी मिस्त्री व त्यांच्या हेल्परला सन्मानानं बोलवावं. त्यांनी लॉक बसवून दाखवावेत, आपण जोर मोजून दाखवावा.

यावर काय बोललं जाईल ते मला माहीत आहे. सर म्हणतील, कुणाच्या डोळ्यात पाकळी उडाली तर जबाबदार कोण? रास्त शंका. गॉगल सक्तीचा करा, आणि पहिला गॉगल मला द्या. माझे रूम पार्टनर म्हणतात, “अरे, कॅम्पसला आयटी कंपन्या येणार, तुला कशाला हवेत वॉल्व्ह?” आणि जे जास्त हुशार आहेत ते म्हणतात, इलेक्ट्रिक गाड्या आल्या, वॉल्व्हच गेले! जातील बापडे. पण इलेक्ट्रिक पिकअपलाही सस्पेन्शन असतं, त्यातलं लोखंडही थकतं. आणि सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यालाही कुणीतरी कधीतरी विचारणारच की एवढाच बिघडलेला भाग बदलू का सगळा? त्याही वेळी ‘बरा दिसतो’ म्हणून चालणार नाही.

काकांची गाडी आता छान चालते. दिवाळीत घरी गेलो तेव्हा त्यांनी मला टायर दाखवले आणि विचारलं, “दोन बदलू का चार?” मी काही बोललो नाही. आत जाऊन स्केल घेऊन आलो.

ता. क. : त्या सहा जुन्या आणि एक नवी अशा सात स्प्रिंगा माझ्या रूमवर टेबलाच्या खणात आहेत. व्हर्निअर लॅबमधून सही करून मिळतो. ज्याला मोजायच्या असतील त्यानं मेसच्या वेळा सोडून कधीही यावं. माझी रीडिंग्ज मी दाखवणार नाही!

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी